चार्जिंगच्या विजेरीची निगा

तापीकाठच्या बागाईतदाराजवळ रात्रीच्या वेळी पूर्वी कंदील असे, मग दोन-तीन सेलांची पितळी विजेरी आली, आणि आता बहुतेक घरी चार्जिंगची विजेरी आहे. आमच्या भागात हिला सर्वजण 'बॅटरी'च म्हणतात. परंतु आतल्या साठ्यालाही तेच नाव असल्याने बोलण्यात घोटाळा होतो. म्हणून ह्या लेखापुरते दिव्याला विजेरी व तिच्यातील साठ्याला सेल म्हणावे, असे आम्ही ठरविले आहे. विषय क्षुल्लक वाटेल. तथापि ज्याने पौषातल्या थंडीत रात्री एक वाजता गव्हाचे वाफे भरले आहेत, तो ह्याला क्षुल्लक म्हणणार नाही.

शेतीपंपांच्या वाहिन्यांवर दिवसा व रात्री आळीपाळीने वीज देण्याची पद्धत महाराष्ट्रात पुष्कळ वर्षे चालत आली आहे. दिवसा वीज मिळावी ह्या हेतूने शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली व २०२३ साली तिचा दुसरा टप्पा हाती घेतला. जेथे तिचा लाभ पोहोचला तेथील बंधूंची रात्रीची पायपीट कमी झाली. ज्यांची पाळी अद्याप रात्रीची आहे, त्यांना मात्र केळी, पपई व उसाच्या रानातून अंधारात जावेच लागते. बांधावर घोणस, नाग व मण्यार यांची वस्ती आहे, आणि शहादा-तळोदा भागातील उसाच्या फडांत बिबट्याचा वावर आहे, हे वाचकांस सांगावयास नको.

प्रथम आमचीच चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी दत्तजयंतीच्या यात्रेस आम्ही सारंगखेड्यास गेलो होतो. घोड्यांचा बाजार पाहून परतताना तेथील एका दुकानातून शिशाच्या सेलची एक मोठी विजेरी घेतली. त्या रब्बीत तिने उत्तम काम दिले. फाल्गुनात गहू निघाला, रात्रीच्या पाळ्या संपल्या, आणि विजेरी पंपाच्या पत्र्याच्या खोलीत खुंटीला लागली. शेवटच्या पाळीस ती वापरली होती व तशीच, म्हणजे जवळजवळ रिकामी, टांगली होती. पुढे जूनच्या आरंभी बागाईत कापसाला पाणी देण्याची वेळ आली. सालदाराने विजेरी घरी आणून रात्रभर चार्जिंगला लावली. सकाळी खोलीत लावून पाहिली तो उजेड झळझळीत. आम्ही निश्चिंत झालो. त्याच रात्री तो बांधावरून शंभर पावले गेला नसेल तोच उजेड पिवळा पडला आणि विझला. त्याने खिशातील मोबाईलचा दिवा लावला, तेव्हा चार हातांवर घोणस वेटोळे घालून पडलेली दिसली. तो मागच्या पावली परतला, म्हणून ही हकीकत लिहिण्यापुरतीच राहिली. आम्ही काही दिवस त्या दुकानदाराला बोल लावीत होतो. मागाहून ह्या विषयाची माहिती मिळविली, तेव्हा दोष आमच्या खुंटीचा होता हे कळून आले.

मूळ गोष्ट अशी की, कोणताही सेल न वापरता ठेवला तरी त्यातील विजेचा साठा आपोआप कमी होत जातो. शेततळ्याचे पाणी कोणी न उपसताही जसे जमिनीत पाझरते, तसेच हे आहे. सेलच्या आत जी रासायनिक क्रिया दिवा लावल्यावर वेगाने चालते, तिच्यासारख्याच काही क्रिया दिवा बंद असतानाही मंदगतीने चालू असतात, आणि त्या पूर्णपणे थांबविता येत नाहीत. उष्णतेने त्यांचा वेग वाढतो. तपमान दहा अंशांनी चढले की हा पाझर सुमारे दुप्पट होतो, असा ठोकताळा शिशाच्या सेलांबाबत धरतात. येथे दोन प्रकारची हानी वेगळी ओळखली पाहिजे. एका प्रकारात साठा गेला तरी पुन्हा चार्जिंग केल्यावर तो भरून येतो, म्हणजे कणगीतले धान्य संपले पण कणगी शाबूत राहिली. दुसऱ्या प्रकारात कणगीच लहान होते. मग कितीही वेळ चार्जिंगला लावा, मावेल तेवढेच मावणार. आमच्या विजेरीची गत ही दुसऱ्या प्रकारची झाली होती.

आता प्रत्येक जातीचा स्वभाव पाहू. कारण सर्व विजेऱ्यांना एकच नियम लावणे, ही सर्वत्र दिसणारी चूक आहे.

शिशाचा सेल हा सर्वांत जुना. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते ह्याने तो सिद्ध केला. शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल, एवढाच त्याचा संसार. मोठ्या, जड, स्वस्त विजेऱ्यांत बहुधा हाच असतो. हातात घेताच वजनावरून ओळखू येतो. पंचवीस अंश तपमानात त्याचा पाझर महिन्यास शेकडा तीन ते पाच इतका असतो. आपल्याकडील चैत्र-वैशाखातील दिवसरात्रीची सरासरी पस्तीस अंश धरली, तर तो सहा ते दहा होतो. म्हणजे पूर्ण भरून ठेवलेली विजेरी तीन महिन्यांनी सत्तर-ऐंशी टक्के भरलेली सापडावी. ह्यात भिण्याजोगे काही नाही. परंतु जी पंधरा-वीस टक्के साठ्यानिशी टांगली, ती मृगापूर्वीच पूर्ण रिकामी होते, आणि शिशाच्या सेलला रिकामे राहणे हेच विष आहे. सेल खाली होताना पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट धरते. लगेच चार्जिंग केल्यास ते विरघळते. तसेच राहू दिल्यास त्याचे कठीण खडे बनतात आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. अशा सेलचा दाब चार्जिंगनंतर चटकन चढलेला दिसतो, दिवाही क्षणभर लखलखतो, पण आत साठा नसतो. आमच्या सालदाराला फसविले ते ह्या क्षणिक उजेडाने. म्हणून शिशाची विजेरी ठेवावयाची ती नेहमी पूर्ण भरून, पत्र्याखाली नव्हे तर घरातील थंड कोपऱ्यात, आणि हंगाम नसताही महिन्यातून एकदा भरून घ्यावी. आम्ही त्यासाठी अमावास्येच्या आधीचा दिवस ठरविला आहे. तो चुकत नाही, आणि अंधाऱ्या रात्रीपूर्वी विजेरी तयारही राहते. ज्यांच्याकडे वीजतंत्र्याचा मीटर आहे त्यांनी चार्जिंग काढल्यावर काही तासांनी चार व्होल्टच्या सेलचा दाब पाहावा. सव्वाचारच्या आसपास असेल तर तो भरलेला आहे, ३.९ वर आला असेल तर तो रिकामा समजून त्याच दिवशी भरावा.

निकेलचे सेल आता विजेऱ्यांत कमी आढळतात, म्हणून थोडक्यात सांगतो. निकेल-कॅडमियमचा सेल स्वीडनच्या युंग्नर ह्याने १८९९ साली काढला. त्याचा साठा पहिल्या दिवसातच शेकडा दहाच्या सुमारास उतरतो व पुढे महिन्यास दहा ते वीसप्रमाणे. पेन्सिल सेलच्या आकाराचे जे निकेल-हायड्राईडचे सेल मिळतात, त्यांतील जुन्या पद्धतीचे महिन्यास वीस-तीस टक्के गमावतात. २००५ साली कमी पाझराचे सेल निघाले. ते वर्षानंतरही बहुतांश भरलेले राहतात. घ्यावयाचेच झाल्यास हे घ्यावेत. जुने असतील तर कामाच्या आदल्या दिवशी भरावेत, महिनाभर आधी भरून उपयोग नाही.

लिथियमच्या सेलने मात्र पूर्वीचे सारे पाठ उलटे केले आहेत. तो १९९१ साली प्रथम बाजारात आला, आणि त्याच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो ह्या तिघांस २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हलक्या, लांब पल्ल्याच्या विजेऱ्यांत अठरा मिलिमीटर जाडीचा व पासष्ट मिलिमीटर लांबीचा जो सेल असतो तो हाच. त्याचा पाझर महिन्यास शेकडा एक-दोन, फार तर थोडा अधिक. म्हणून पुष्कळजण त्याची काळजीच घेत नाहीत. ह्याला रिकामे राहणे सोसत नाहीच. पण उन्हाळ्यात पूर्ण भरून ठेवणेही सोसत नाही. प्रसिद्ध झालेल्या कोष्टकांवरून असे दिसते की, चाळीस अंश उष्णतेत वर्षभर पूर्ण भरून ठेवलेल्या सेलची धारणशक्ती सुमारे एक तृतीयांशाने कायमची घटते, तर चाळीस टक्के भरून ठेवलेल्याची सुमारे सातव्या हिश्श्याने. यास्तव फाल्गुनानंतर विजेरी ठेवून द्यावयाची असेल तर ती अर्धी भरून ठेवावी व दोन-तीन महिन्यांनी पाहावी. हंगामात, जेव्हा ती रोज लागते, तेव्हा ती सायंकाळी खुशाल पूर्ण भरावी. प्रत्येक वेळी पूर्ण खाली करून मगच भरावी, हा समज निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. लिथियमला व शिशाला तो अपायकारकच होय.

कित्येक विजेऱ्यांत बटण दाबून दिवा लागतो, खटका सरकवून नव्हे. अशा बटणामागचे यंत्र दिवा बंद असतानाही किंचित वीज खात असते, आणि महिनोन्‌महिने ठेवल्यास त्याचाही हिशेब होतो. धातूच्या नळीची विजेरी असेल तर मागचे झाकण पाव फेरा सैल करून ठेवावे. बहुतेक विजेऱ्यांत त्यायोगे प्रवाह तुटतो. झोळीत चुकून बटण दाबले जाण्याचे भयही राहत नाही.

चार्जिंग करण्याच्या रीतीविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे, कारण येथे केवळ सेलचाच प्रश्न नसून जीविताचाही आहे. ज्या स्वस्त विजेऱ्यांच्या पाठीतून दोन पिना निघतात व ज्या थेट सॉकेटात बसवितात, त्यांतील पुष्कळांत आत रोहित्र नसते. २३० व्होल्टचा प्रवाह केवळ एका कंडेन्सरातून सेलपर्यंत येतो. चार्जिंग चालू असता अशा विजेरीच्या आतील कोणताही भाग हातास लागला तर भिंतीतील तारेस हात लावल्यासारखेच आहे. म्हणून ती लावलेली असता उघडू नये, ओल्या हाताने धरू नये, आणि कवच फुटलेली असल्यास सॉकेटात घालूच नये. तिच्यावरील लाल दिवा बहुधा वीज येत आहे एवढेच सांगतो, सेल भरला की नाही हे सांगत नाही. आठ-दहा तासांनी ती आठवणीने काढावी. दोन-दोन दिवस लावून ठेवल्यास आतील पाणी उडून सेल कोरडा पडतो. लिथियमच्या चांगल्या विजेरीत चार्जिंग आपोआप थांबविण्याची व्यवस्था असते, तरी तिलाही रात्रभर विसरून राहू नये.

कार्तिक-मार्गशीर्षात आपल्या घरांत वेचणीचा कापूस रचलेला असतो. ओट्यावर कापसाची रास आणि तिच्याच कडेला चार्जिंगला लावलेली विजेरी, हा देखावा आम्ही स्वतःच्या घरीही पाहिला आहे. बिघडलेला लिथियम सेल पेट घेतो तेव्हा ज्वाला काही क्षणांत भडकते. कापूस, कडबा, अंथरूण ह्यांपासून दूर, फरशीवर किंवा दगडी कोनाड्यातच विजेरी लावावी. सेल फुगला, चार्जिंगमध्ये चटका बसण्याइतका तापू लागला किंवा पाण्यात पडून भिजला, तर तो पुन्हा वापरू नये. त्याला टोचू नये व चुलीत तर मुळीच टाकू नये.

निकामी झालेला शिशाचा सेल फोडून शिसे काढण्याची खोड काही ठिकाणी आहे. शिसे व गंधकाम्ल ही दोन्ही अंगास व जमिनीस घातक आहेत, आणि लहान मुलांच्या मेंदूस शिसे फारच बाधते. जुने सेल परत घेऊन त्यांची वासलात लावण्याची जबाबदारी २०२२ सालच्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा तो विक्रेत्याकडे परत द्यावा. शिशाला मोल असल्याने बहुधा काही पैसेही सुटतात. आमचा तो सेल आम्ही असाच परत केला व त्याच विजेरीत नवा घातला. ती आता माजघरातील कोनाड्यात असते. सालदाराने मात्र स्वतःसाठी लिथियमची एक लहान विजेरी वेगळी मागून घेतली आहे, आणि पाळीस जाताना तो दोन्ही नेतो.