वठलेल्या सागाचा हिशेब

तेल्हाऱ्याच्या आमच्या घरात माजघरावर एक जुनी तुळई आहे. रात्री सामसूम झाली की तिच्यातून बारीक कुरकुर ऐकू येते आणि सकाळी खाली पिवळसर पिठाची छोटी रास दिसते. आई केरसुणी फिरवताना म्हणायची, "घुण लागला रे बाबा!" आणि विषय संपायचा.

हे पीठ म्हणजे काय प्रकरण असू शकतं, ते मला 1997 साली कळलं. बँकेनं माझी बदली मध्य प्रदेशात, मंडला जिल्ह्यात केली होती. तिकडे सालवृक्षांची अफाट जंगलं, आणि त्या दोन-तीन वर्षांत त्यांच्यावर खोडकिड्याची धाड पडलेली. लाखो झाडांना लागण झाली होती. बुंध्याशी भुशाचे ढीग आणि वर वाळलेले शेंडे. याच भागात 1920 च्या दशकातही अशी साथ येऊन गेली होती.

हा किडा म्हणजे लांब मिशांचा, बोटाएवढा तपकिरी भुंगेरा. पहिला पाऊस पडला की तो खोडातून बाहेर येतो. मादी सालीच्या फटींत अंडी घालते, अळी लाकूड पोखरत आतल्या गाभ्यापर्यंत जाते आणि पुढच्या पावसाळ्यात नवा भुंगेरा बाहेर पडतो. वर्षाला एकच पिढी. पण झाडाला तेवढी पुरते.

त्याला पकडण्याची युक्ती मात्र गमतीची. पावसाळ्यात काही हिरवी झाडं पाडायची, त्यांचे ओंडके करायचे आणि साल ठेचून ठेवायची. पाझरणाऱ्या रसाच्या वासानं भुंगेरे दुरून येतात, रस पिऊन सुस्त पडतात. मग गावातली बायामाणसं, पोरंटोरं ते हातानं वेचायची. मुंडकं पिरगाळायचं, मोजून द्यायचं आणि नगावर मजुरी घ्यायची. त्या पावसाळ्यात आमच्या शाखेत सुट्या पैशांची मागणी एकदम वाढली. कॅशियर वैतागला होता. मला मात्र मौज वाटे. किड्याचा इतका चोख हिशेब मी कधी पाहिला नव्हता.

एका वनरक्षकानं माझी मौज जरा कमी केली. तो म्हणाला, धट्टंकट्टं झाड अळीला राळेत बुडवून मारतं. झाड आधीच खंगलेलं असलं, किंवा किडे फारच माजले, तरच ते हरतं. ऐकून मला आमची थकलेली खाती आठवली. मार्चअखेर आम्ही बुडीत खात्यांच्या नावानं बोटं मोडायचो. पण ती तीन-तीन वर्षं आजारी असताना तपासणीला कोण गेलं होतं? जंगलातही खरं काम तपासणीचंच. पाऊस संपला की फिरायचं, बुंध्याशी भुसा दिसला की खूण करायची, झाड किती पोखरलंय ते नोंदवायचं. कुऱ्हाड त्यानंतर.

निवृत्तीनंतर गावी परतलो. तेल्हाऱ्याच्या उत्तरेला सातपुड्यात वान अभयारण्य आहे. तेही 1997 चंच, आता मेळघाट व्याघ्र प्रकल्पात. इथं सालवृक्ष नाहीत, साग आहे. मागच्या हिवाळ्यात त्या बाजूला गेलो, तेव्हा ओळखीचा एक शेतकरी दुरूनच एक वठलेला साग दाखवून म्हणाला, "काका, सोन्यासारखं लाकूड सडू देऊन राह्यले हे! आम्ही गोठ्याले बल्ली मांगतली तं कायदा सांगतात."

कायदा आहे खरा. फेब्रुवारी 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतली मेलेली, रोगट, वाऱ्यानं पडलेली झाडंसुद्धा हलवायला मनाई केली. मलाही ती प्रथम अतिरेकी वाटली होती. पण किड्यानं आणि बुरशीनं मऊ केलेल्या खोडातच सुतारपक्षी चोच मारतो, आणि अशा ढोलींत दुसऱ्यांचे संसार थाटतात. रानपिंगळा हे छोटं घुबड शतकभर नाहीसं मानलं होतं. ते नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ सापडलं, पुढे मेळघाटातही दिसलं. त्यालाही घरट्याला ढोलीच लागते. मी मंडल्यात मुंडक्यांचा हिशेब ऐकत होतो, तेच हे वर्ष!

पोलंडमध्ये ब्याओव्येझा नावाचं पुरातन अरण्य आहे. तिथं सालीखालच्या भुंगेऱ्यांनी स्प्रूसची झाडं मारली, तेव्हा 2016 मध्ये सरकारनं तोड वाढवली. किड्याचं निमित्त, लाकडाचा व्यापार, असा आरोप झाला. एप्रिल 2018 मध्ये युरोपीय न्यायालयानं ती तोड बेकायदा ठरवली.

म्हणून किड्याला मोकाट सोडावं, असं मी म्हणणार नाही. मंडल्याचे वाळलेले शेंडे मी पाहिलेत. पण अभयारण्यात कुऱ्हाडीच्या आधी वही हवी, आणि वही भरायला पायी हिंडणारी माणसं हवीत. मेळघाटातून उठून अकोट-तेल्हारा भागात आलेल्या कोरकू कुटुंबांत ही नजर आहे. त्यांना हे काम रोजगार म्हणून द्यायला काय हरकत आहे?

त्या शेतकऱ्याला मी घुबडाची गोष्ट सांगितली. त्यानं ऐकून घेतली आणि म्हणाला, "घुबडाले घर भेटलं काका, माह्या बैलाले?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

माजघरातली तुळई मात्र बदलायचं ठरवलंय. तिथं काही सुतारपक्षी यायचा नाही. सुतार दिवाळीनंतर येतो म्हणालाय.