सैल पट्ट्याची करामत

अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात घरासमोरचा ड्राइव्हवे बर्फाने भरून जातो. मग गॅरेजमधून स्नो ब्लोअर बाहेर येतो. त्याचं इंजिन सुरू केलं, तरी पुढचं पिळदार पातं हलत नाही. हँडलवरची दांडी दाबली की ते फिरतं, सोडली की थांबतं. इंजिन मात्र चालूच असतं! हे कसं काय?

बऱ्याच स्नो ब्लोअरमध्ये एक पुली, म्हणजे कप्पी, इंजिनाला जोडलेली असते आणि दुसरी पात्याला. दोन्हींवर मिळून एक रबरी पट्टा असतो. तो मुद्दामच थोडा सैल ठेवतात. सैल पट्ट्याला पकड नसते, म्हणून इंजिनाची पुली नुसतीच फिरत राहते. शिलाई मशीनचा पट्टा सैल झाला, तर कितीही पाय मारा, सुई नीट चालत नाही; तसंच हे. मशीनमध्ये तो बिघाड, इथे तीच सोय!

आता तिसरी, छोटी पुली पाहा. दांडी दाबली की केबल ओढली जाते आणि ही पुली पट्ट्याला बाजूने दाबते. पट्टा ताणला जाऊन खाचेत घट्ट बसतो. घर्षण वाढतं आणि पातं फिरू लागतं. दांडी सोडली, की स्प्रिंग छोट्या पुलीला मागे खेचते आणि पट्ट्याला ढील मिळते. हाच या यंत्राचा क्लच.

वापरून वापरून पट्टा झिजतो. मग तो घसरतो, जड बर्फात पातं अडखळतं, कधी जळक्या रबराचा वास येतो. अशा वेळी मोठी माणसं केबल थोडी आवळतात. पण फार आवळली तर? दांडी सोडूनही पट्टा ताणलेलाच राहील आणि पातं थांबणार नाही. म्हणजे सैलपणा हीच इथे सुरक्षा आहे.

आणखी एक लक्षात ठेवा. बर्फ अडकला तर हात कधीही आत घालू नका. इंजिन बंद केल्यावरही पट्ट्यात ताण उरलेला असू शकतो. अडकलेला बर्फ सुटला की पातं झटकन फिरतं. आधी इंजिन बंद करायचं, पातं थांबू द्यायचं आणि मग लांब काठीनेच बर्फ काढायचा.

शब्दार्थ
सैल – ढिला
घर्षण – दोन वस्तू एकमेकींवर घासताना होणारा अडथळा
आवळणे – घट्ट करणे

सांगा पाहू
१. छोटी पुली काय काम करते?
२. केबल फार आवळली तर काय धोका आहे?
३. इंजिन बंद असतानाही हात का घालू नये?