ठेकेदार जोतीराव आणि पुण्याची नगरपालिका

१८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी आपल्याला शाळेपासून माहीत असते. पण त्यात त्यांनी स्वतःची ओळख काय दिली, हे आपण सहसा बघत नाही. व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर, पेठ जुना गंज. बस, एवढंच. 'समाजसुधारक' हा शब्द त्यात नाही. कमिशनर म्हणजे त्या काळी नगरपालिकेचा सभासद, आजचे आयुक्त नव्हेत. आज आपण या ओळखीतून जोतीराव समजून घेऊ.

आधी व्यापारी. फुलांचा धंदा घराण्यातलाच, आडनावही त्यावरूनच पडलं. जोतीराव पुढे बांधकामाच्या ठेक्यांत उतरले. 'पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी'त ते भागीदार होते. खडकवासल्याचं धरण, कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल या कामांशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. धातूच्या ओतकामाला लागणारे साचे विकण्याचा व्यवसायही होता. आणि मांजरीला शेती.

आता बघा, ठेक्याच्या धंद्यात माणूस काय शिकतो? दगड-चुन्याला काय पडतं, मजुराच्या हातात किती येतं आणि मधल्या मधे किती मुरतं. थोडक्यात, पैसा कुठून येतो आणि कुठे जातो.

हा हिशेब डोक्यात घेऊन जोतीराव १८७६ साली नगरपालिकेत गेले. निवडून नव्हे, सरकारने नेमलेले सभासद म्हणून. म्हणजे धंद्यात सरकारी कामं आणि सभागृहातली जागाही सरकारच्याच मर्जीची. असा माणूस काय करेल, असं आपल्याला वाटतं? मान डोलावेल. जोतीरावांनी ते केलं नाही.

व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार, त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चायचे असा ठराव आला. जोतीरावांनी विरोधात मत दिलं. असं मत देणारे ते एकटेच होते. १८८० साली शहरात दारूची दुकानं वाढू लागली, तेव्हा त्यांनी लेखी तक्रार केली. दारूपायी घरंच्या घरं उद्ध्वस्त होतात, हे त्यांचं म्हणणं.

मग आला मंडईचा प्रश्न. लाखो रुपये खर्चून भव्य मंडई बांधायची ठरली. हरी रावजी चिपळूणकर आणि जोतीराव यांनी विरोध केला. गोरगरिबांच्या शिक्षणाला पैसा नसताना एवढी इमारत कशाला, हा त्यांचा सवाल. ज्याचं पोट बांधकामावर, तोच इमारतीला 'नको' म्हणतोय!

मंडई झालीच. १८८६ साली गव्हर्नर रे यांच्या नावाने ती उघडली. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला नाव मिळालं, महात्मा फुले मंडई!

मग जोतीराव चुकले का? मंडई आजही उभी आहे, कामाची आहे, हे आपण मान्य करू. पण त्यांचा मुद्दा क्रमाचा होता. सरकारी तिजोरी बरीचशी शेतकऱ्याच्या घामातून भरते, हे त्यांनी हंटर आयोगालाही सांगितलं. मग त्या पैशातून आधी काय व्हावं, इमारत की शाळा?

आपल्या गावच्या, शहराच्या अंदाजपत्रकाचा कागद हाती आला, की हा प्रश्न आपणही विचारून बघू. जोतीरावांना तो परवडला, तर आपल्याला का परवडू नये?