आंधळ्या दाराचे डोळे

आपल्याकडे गॅरेज म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते जमिनीवर काळं ऑइल सांडलेलं, टायरांच्या चळतीमागे गणपतीचा फोटो लावलेलं आणि 'उद्या संध्याकाळी या साहेब' असं सलग चार दिवस ऐकवणारं ठिकाण. अमेरिकेतलं गॅरेज हा घराचाच एक भाग असतो. मुलाकडे किंवा लेकीकडे सहा महिने राहून आलेल्या कोणाही आईवडिलांना विचारा. त्या घराचा खरा दरवाजा तोच, असं ते सांगतील. पुढचा नक्षीदार दरवाजा पाहुण्यांसाठी आणि पार्सलवाल्यासाठी. घरची माणसं गॅरेजमधूनच आत येतात. चपला तिथेच सुटतात, तांदळाची पोती तिथेच, जादाचा फ्रीज तिथेच, आणि गणपतीच्या मखराचे तुकडेही वर्षभर तिथेच भिंतीला टेकून उभे.

दार उघडतं गाडीत बसल्या बसल्या बटण दाबून. सोळा फूट रुंद, सात फूट उंच, आडव्या पट्ट्यांचं ते धूड घरघरत वर सरकतं आणि छताखाली आडवं होऊन बसतं. असं वर जाणारं दार १९२१ मध्ये आलं, त्याला विजेची मोटार १९२६ मध्ये लागली. म्हणजे तिकडच्या माणसांच्या चार पिढ्या त्याच्यासोबत वाढल्या. आपण मात्र साठीत पहिल्यांदा त्याच्यापुढे उभे राहतो आणि नातवंडाचं बोट धरून कौतुकाने पाहतो. नातवंडाला त्यात खेळ दिसतो. उतरत्या दाराखालून शेवटच्या क्षणी सूळकन बाहेर पळायचं, किंवा वर जाणाऱ्या दाराला लोंबकळून दोन फूट उचलून घ्यायचं. आजीआजोबा बाहेर उभे राहून हसतात. साध्या पोलादी दुहेरी दाराचं वजन शंभर किलोच्या आसपास असतं आणि लाकडी असेल तर त्याहून कितीतरी जास्त, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

या वजनाखाली मुलं दगावलेली आहेत. १९८० च्या दशकात तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाकडे अशा मृत्यूंच्या नोंदी येऊ लागल्या. आपोआप बंद होणाऱ्या दारांखाली सापडलेली मुलं दोन ते चौदा वर्षांची होती, आणि त्यांची संख्या डझनांत मोजावी लागेल इतकी झाली. तेव्हा १९९० मध्ये अमेरिकी संसदेने कायदा केला. १ जानेवारी १९९१ पासून बनणाऱ्या प्रत्येक मोटारीने खाली येताना अडथळा लागला तर दार उलट वर न्यायलाच हवं, असं ठरलं. पण आदळल्यावर वर जाणारं दार आधी आदळतं, त्याचं काय? शिवाय जमिनीपासून बोटभर अंतरावर आलेल्या दाराला खाली फरशी आहे की मूल आहे, याचा पत्ता लागेलच असं नाही. म्हणून १ जानेवारी १९९३ पासून आणखी एक अट आली. दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांहून उंच नाही अशा जागी, एकमेकांकडे पाहणारे विजेचे डोळे बसवायचे. किंवा दाराच्या खालच्या कडेला स्पर्श ओळखणारी पट्टी लावायची. डोळ्यांमधला अदृश्य किरण तुटला की दार शिवण्याआधीच माघारी फिरतं.

बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला ही रचना ओळखीची वाटते. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे असतात. दोघांपैकी कोणी चोर आहे असं बँकेचं म्हणणं नसतं. माणूस चुकतो, दमतो, एखाद्या दिवशी त्याचं मन ठिकाणावर नसतं, एवढंच बँकेला ठाऊक असतं. मोटारीचा अडथळ्याचा अंदाज ही पहिली किल्ली, विजेचा डोळा ही दुसरी. मात्र स्ट्राँगरूममध्ये जे घडतं तेच इथेही घडतं. सोयीसाठी हळूहळू दोन्ही किल्ल्या एकाच खिशात जमा होतात.

ते असं. मावळतीचं ऊन नेमकं एका डोळ्यात शिरतं, किंवा त्याच्यावर कोळी जाळं विणतो, किंवा मुलाच्या सायकलचा धक्का लागून तो तिरका होतो. मग दार बंद व्हायला नकार देतं, दिवा मिचकावतं आणि वर जाऊन बसतं. सकाळची घाई असते. अशा वेळी भिंतीवरचं बटण दाबून धरलं की दार डोळ्याला न जुमानता खाली येतं. समोर पाहत, क्वचित प्रसंगी वापरण्यासाठी ठेवलेली ही सोय आहे. पण आईबाबांना दार बंद करायला शिकवताना मुलगा हीच युक्ती शिकवतो, 'बाबा, दाबूनच ठेवा, म्हणजे कटकट नाही.' याहून पुढे गेलेले महाभागही असतात. ते दोन्ही डोळे काढून छताजवळ समोरासमोर चिकटवून टाकतात. किरण कधी तुटतच नाही, दार कधी कुरकुर करत नाही. डोळे काढलेलं दार आता वापरायला फार सोयीचं झालेलं असतं.

तेव्हा तिकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींना एक सुचवावंसं वाटतं. दिवसभर घरी तुम्हीच असता, आणि शाळेतून आलेलं नातवंडही तुमच्याचजवळ असतं. महिन्यातून एकदा ही तपासणी तुम्ही करा. इंजिनिअर असण्याची गरज नाही. दीड इंच जाडीची लाकडी फळी दाराच्या मधोमध जमिनीवर आडवी ठेवा आणि दार बंद करा. फळीला टेकल्यावर दोन सेकंदांच्या आत ते उलट फिरलं पाहिजे. नाही फिरलं, तर दुरुस्त होईपर्यंत मोटारीवर ते चालवू नका. मग दार खाली येत असताना झाडूचा दांडा त्या डोळ्यांसमोरून फिरवा. डोळ्यांची भिंगं मऊ फडक्याने पुसा. भिंतीवरचं बटण मुलाचा हात पोचणार नाही असं, निदान पाच फूट उंचीवर आहे ना ते पाहा, आणि रिमोट खेळण्यांच्या टोपलीत दिसला तर आधी तो उचला. दाराच्या पट्ट्यांमधल्या सांध्यात बोटं घालायची नाहीत हे नातवंडाला मराठीत सांगितलं तरी कळतं.

हात लावू नये असा भाग एकच, पण तोच फार महत्त्वाचा. दाराच्या वर आडव्या दांड्यावर जाडजूड स्प्रिंग गुंडाळलेली असते. शंभर किलोंचं दार मोटार उचलते असं आपल्याला वाटतं. खरा भार ही पिळलेली स्प्रिंग पेलते, मोटार नुसता हात लावते. साध्या स्प्रिंगचं आयुष्य दहा हजार उघडझापींचं धरतात. आता हिशेब करा. दिवसाला चार वेळा दार उघडलं-मिटलं, तर ती सात वर्षांना थोडी कमी पुरेल. पण दोघं नोकरी करणारी, मुलांची शाळा, पोहण्याचा क्लास, तबल्याचा क्लास, रविवारची मराठी शाळा, राहिलेली कोथिंबीर आणायला पुन्हा एक फेरी, असे आठ वेळा झाले तर साडेतीन वर्षांतच खातं रिकामं. तुटते तेव्हा बंदूक उडाल्यासारखा आवाज होतो. त्यानंतर दार उचलायला जाऊ नये. आपल्या घरांत दुरुस्तीची हौस फार, आणि हल्ली व्हिडिओ पाहून जावई काहीही उघडतो. बिजागऱ्यांना आणि चाकांना वर्षातून दोनदा वंगण देण्यापर्यंत ती हौस ठीक आहे. स्प्रिंग आणि दाराच्या तळाच्या कोपऱ्यातली, पोलादी दोर अडकवलेली पट्टी यांना मात्र त्यातल्या जाणत्या कारागिरानेच हात लावावा. त्या पट्टीचे स्क्रू अनेकदा लाल रंगवलेले असतात, ते उगीच नाही.

छताखाली लोंबणारी लाल मुठीची दोरी मात्र घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दाखवून ठेवावी. वीज गेली की ती ओढायची, मग दार मोटारीपासून सुटतं आणि हाताने उचलता येतं. ओढायची ती दार बंद असताना. स्प्रिंग तुटलेली असेल आणि दार वर असेल, तर ते धाडकन खाली येईल. ऑक्टोबर २०१७ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात वणवे पेटले, वीज गेली, आणि वयस्कर माणसांना आपल्याच गॅरेजचं दार उघडेना. त्यानंतर कॅलिफोर्नियाने कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून तिथे विकल्या किंवा बसवल्या जाणाऱ्या मोटारीला बॅटरीची जोड सक्तीची झाली. इतर राज्यांत किंवा जुन्या घरात ती असेलच असं नाही. मुलाला फोनवर विचारून घ्या. आणि थंडीत गाडी गरम करायला बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, हेही सांगा. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि घरात शिरायला त्याला दाराची फटही पुरते.

हे सगळं परदेशात जाणाऱ्यांपुरतंच आहे, असं समजू नये. पुण्या-मुंबईच्या प्रत्येक नव्या सोसायटीला आता रुळावर सरकणारं लोखंडी गेट असतं. खाली रूळ, वर दोन रोलर गेटला उभं धरतात, आणि शेवटी रुळाला एक अडसर, म्हणजे स्टॉपर. रोलर वाकला, स्टॉपर गंजून गळला, की शेकडो किलोंचं गेट रूळ सोडून आडवं पडतं. जुलै २०२४ च्या अखेरीस पिंपरी-चिंचवडच्या बोपखेलमध्ये खेळणाऱ्या मुलांपैकी एकाने असं गेट ओढलं, आणि ते बाजूने जाणाऱ्या एका चिमुरडीवर कोसळलं. ती वाचली नाही. तिथे मोटार नव्हती, रिमोट नव्हता. खाली-वर धरणाऱ्या चार लोखंडी तुकड्यांकडे कोणी पाहिलेलं नव्हतं, इतकंच.

बँकेतून निवृत्त झालेला माणूस सोसायटीत राहायला आला की त्याला खजिनदार करायचं, हा सहकारी गृहनिर्माण संस्थांचा अलिखित उपविधी आहे. त्यानुसार आमच्या गेटला मोटार बसवण्याची कोटेशनं माझ्यापुढे आली. सर्वांत स्वस्त कोटेशनात विजेच्या डोळ्यांची ओळ खोडलेली होती आणि समासात 'नंतर बघू' असं लिहिलेलं होतं. दोन कोटेशनांमधला फरक वॉचमनच्या दिवाळीच्या पोस्ताइतकाही नव्हता. ती ओळ परत लिहून आल्याशिवाय मी चेकवर सही करणार नाही, असं सांगितलं. एक सभासद म्हणाले, 'काका, चाळीस वर्षं आपण डोळ्यांशिवायच्या गेटांतून ये-जा केलीच की.' मी म्हटलं, 'केली, पण ती गेटं ढकलायला माणूस लागायचा, आणि माणसाला डोळे होते.' ओळ परत आली. रुळाच्या दोन्ही टोकांना नवे स्टॉपर वेल्ड करून घेतले. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला गेटसमोर काठी धरून पाहायची आणि वहीत सही करायची, असं ठरलं. एक सही वॉचमनची, एक समितीच्या माणसाची.