अक्रम पैलवानाचा हात

डिसेंबर 1976 मध्ये कराचीच्या नॅशनल स्टेडियममध्ये अक्रम पैलवान आणि जपानचा अंतोनियो इनोकी समोरासमोर आले. अक्रम काही साधा गडी नव्हता. नामांकित पैलवान थोरला गामा त्याचा सख्खा चुलता. बाप इमाम बक्ष, ज्यानं 1910 साली लंडनला जाऊन जॉन लेम या स्विस मल्लाला अस्मान दाखवलं होतं. अशा घरातला पोरगा घरच्या मैदानात हरेल असं तिथल्या कुणाच्या स्वप्नातही नसणार. तिसऱ्या फेरीत इनोकीनं त्याचा हात कोपरात दुमडून पाठीमागे नेला आणि पिळला. हात कामातून गेला, लढत तिथंच संपली.

मी तालमीत वाढलेला माणूस, नोकरीही खेळाच्या शिक्षकाची केली. या लढतीची चित्रफीत मी पुढं बऱ्याच वर्षांनी पाहिली, आणि पहिला विचार आला तो असा की गड्याला डाव दिसतच नव्हता. ताकद होती, दम होता, पण हात सोडवायचा कसा हे त्याच्या अंगात मुरलेलं नव्हतं. याचं कारण सरळ आहे. मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. सांधा मोडायची गरजच पडत नाही, मग तो वाचवायचं तरी कोण शिकवणार? आपल्याकडं मल्लविद्येचे हनुमंती, भीमसेनी, जांबुवंती, जरासंधी असे चार प्रकार सांगतात, आणि हातपाय जखडायचे डाव जांबुवंतीत मोडतात. सांगतात खरं. आमच्या वस्तादांनी आम्हाला घिस्सा शिकवला, ढाक शिकवली, मोळी बांधायला शिकवली. जांबुवंतीचं फक्त नाव ऐकवलं.

आज ज्याला एमएमए, म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणतात, त्या खेळाचा इतिहास लोक सहसा प्राचीन ग्रीसपासून सुरू करतात. ग्रीकांचा पँक्रेशन हा प्रकार इसवी सनापूर्वी 648 मध्ये ऑलिंपिकमध्ये आला. चावायचं नाही आणि डोळ्यांत बोटं घालायची नाहीत, बाकी सगळं चालायचं. पण त्या ग्रीकांपासून आजच्या पिंजऱ्यापर्यंत वस्ताद-पठ्ठ्यांची सलग साखळी कुणी दाखवलेली नाही, त्यामुळं मला त्यात फार रस नाही. मला रस आहे तो अक्रमचा हात मोडणाऱ्या डावात. तो कुणी कुणाला दिला, हे नावानिशी सांगता येतं.

इनोकीला घडवणाऱ्यांत एक होता कार्ल गॉच. जन्म बेल्जियमच्या अँटवर्पचा, 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कुस्ती खेळलेला. ऑलिंपिक खेळून झाल्यावर तो इंग्लंडमधल्या विगन या कोळसा खाणींच्या गावी बिली रायली नावाच्या वस्तादाकडं गेला आणि पुन्हा पहिल्यापासून शिकला. लँकेशायर परगण्यातली ही ‘कॅच’ कुस्ती. खाणकामगार पैजा लावून लढायचे. पाठ टेकवली तरी जिंकलात, आणि समोरच्यानं हात-पाय-मान वाचवायला हार मानली तरी जिंकलात. दोन्ही हातांनी मनगट धरून खांदा पिळायच्या या डावाला तिथं ‘डबल रिस्ट लॉक’ म्हणत. गॉच तो घेऊन जपानला गेला. जाता जाता सांगतो, या गॉचचा व्यायाम मात्र आपला होता. तो जोर-बैठका मारून घ्यायचा, करेल फिरवायला लावायचा. जपानी पैलवान बैठकेला आजही ‘हिंदू स्क्वॉट’ म्हणतात. म्हणजे गामाच्या पुतण्याला ज्यानं हरवलं, त्याच्या मांड्या गामाच्याच व्यायामानं कमावलेल्या.

हाच डाव दुसऱ्या वाटेनंही जग फिरत होता. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये तोक्योत कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली. जुन्या जुजुत्सूतले जीवघेणे प्रकार त्यांनी बाजूला ठेवले आणि उरलेले पूर्ण ताकदीनं, समोरचा विरोध करत असताना रोज खेळायला लावले. या शाळेचा एक शिष्य मित्सुयो माएदा. 1904 मध्ये तो अमेरिकेला गेला आणि मग पोटासाठी देशोदेशी कुस्त्या मारत हिंडला. इंग्लंड, स्पेन, क्युबा, मेक्सिको. लंडनमध्ये तर तो कॅच कुस्तीच्या स्पर्धेतही उतरला. 1914 मध्ये ब्राझीलला पोचला आणि अखेर ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलेम शहरात स्थिरावला. तिथं त्यानं कार्लोस ग्रेसी या तरुणाला विद्या दिली. कार्लोसनं भावंडांना शिकवलं, 1925 मध्ये रिओत आखाडा काढला. धाकटा हेलिओ अंगानं किरकोळ, तरी त्यांच्यातला सर्वांत जिद्दी निघाला.

या ग्रेसींनी जे केलं ते कुस्तीवाल्याला पचायला जड जातं. त्यांनी पाठीवर पडणं हा शेवट मानलाच नाही. खाली पडलेला माणूस दोन्ही पायांनी वरच्याच्या कमरेला विळखा घालतो, त्याला जवळ ओढतो, ठोसा मारायला जागाच देत नाही, आणि तो चुकेपर्यंत थांबतो. चुकला की हात किंवा गळा पकडायचा. भारी माणसाला उचलून आपटायची ताकद नसेल तर त्याला आपल्यावर घेऊनच दमवायचं. मग ही विद्या खरी हे सिद्ध करायला त्यांनी कुणालाही खुलं आव्हान द्यायला सुरुवात केली. बॉक्सर या, कराटेवाले या, कुणीही या. ब्राझीलमध्ये अशा जवळजवळ बिननियमांच्या लढतींना ‘वाले तुदो’ म्हणत.

1951 मध्ये जपानचा मासाहिको किमुरा ब्राझीलला आला. ज्युदोतलं त्या काळचं सर्वांत मोठं नाव. 23 ऑक्टोबरला माराकानाच्या मैदानावर हेलिओशी गाठ पडली. किमुरा वजनानं चांगलाच भारी होता. त्यानं हेलिओला आपटलं, दाबलं, आणि शेवटी तोच डाव लावला, मनगट धरून खांद्याचा पीळ. हात मोडला तरी हेलिओ हार मानेना. शेवटी कार्लोसनं टॉवेल टाकला. पुढं ग्रेसींनी त्या डावाला नावच दिलं ‘किमुरा’. ज्यानं आपल्या भावाचा हात मोडला त्याचं नाव डावाला द्यायचं, हा दिलदारपणा मला फार आवडतो.

याच किमुराला 1954 मध्ये रिकिदोझान या व्यावसायिक पैलवानानं तोक्योत जमीनदोस्त केलं. लढत नुरा ठरली होती, रिकिदोझानच ठरलेलं सोडून खराखुरा मारत सुटला असं म्हणतात. आणि हाच रिकिदोझान 1960 मध्ये ब्राझीलला गेला तेव्हा त्याला एक उंचापुरा पोरगा सापडला. जपानहून कुटुंबाबरोबर स्थलांतर करून कॉफीच्या मळ्यात राबणारा. तोच इनोकी.

कराचीच्या सहा महिने आधी, 26 जून 1976 ला, इनोकी तोक्योत बॉक्सर मुहम्मद अलीसमोर उभा राहिला होता. पंधरा फेऱ्या. इनोकी बहुतेक वेळ जमिनीवर बसून किंवा पडून अलीच्या पायावर लाथा मारत राहिला, अलीचे ठोसे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. लोकांनी शिव्या घातल्या, निकाल बरोबरीचा लागला. बघायला ती लढत भयाण कंटाळवाणी आहे. पण अलीच्या पायांची त्या लाथांनी अशी दशा झाली की त्याला उपचार घ्यावे लागले.

मग आलं 12 नोव्हेंबर 1993. अमेरिकेतलं डेन्व्हर शहर, आठ कोनांचा जाळीचा आखाडा, आठ लढवय्ये. वजनाचे गट नाहीत. हेलिओचा थोरला मुलगा रोरियन याच्या सहभागानं उभी राहिलेली ही यूएफसीची, म्हणजे अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिपची, पहिली स्पर्धा. सुमो, किकबॉक्सिंग, कराटे, बॉक्सिंग, सगळ्यांचा एकेक प्रतिनिधी होता. बॉक्सर तर एकाच हातात ग्लोव्ह घालून आला. ग्रेसींनी स्वतःच्या बाजूनं उतरवला तो रॉइस, हेलिओचा सडपातळ मुलगा. त्यानं तिन्ही लढती मिळून पाच मिनिटांच्या आत स्पर्धा खिशात घातली.

त्या रात्रीनंतर जगभरच्या कितीतरी गुरूंची दुकानं अडचणीत आली. ‘आमचा प्रहार इतका घातक की सरावात वापरताच येत नाही’ असं म्हणणारे एकामागोमाग पडले. टिकल्या त्या कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग, थायलंडचं मुए थाई आणि ग्रेसींची जुजुत्सू. माझ्या मते यांच्यात एकच गोष्ट समान आहे. आपण तालमीत ज्याला जोर करणं म्हणतो ते. पहाटे उठून खऱ्या माणसाशी, खऱ्या ताकदीनं भिडायचं, पडायचं, पुन्हा उठायचं. जी विद्या नुसती हवेत हातवारे करून शिकवली जाते तिच्या गुरूलाही ठाऊक नसतं की ती चालते का. कानोंनी जुजुत्सूला वाचवलं ते याच गोष्टीनं.

ग्रेसींचं अजिंक्यपदही फार टिकलं नाही. विगनचाच दुसरा पठ्ठ्या बिली रॉबिन्सन जपानमध्ये शिकवत होता, त्याच्या हाताखाली काझुशी साकुराबा तयार झाला. 1999 मध्ये त्यानं हेलिओचा मुलगा रॉयलर याला हरवलं. मे 2000 मध्ये रॉइसला दीड तास लढवून दमवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कार्लोसचा नातू रेंझो याचा हात मोडला. रॉयलर आणि रेंझो दोघांवर त्यानं लावलेला डाव किमुराच.

अमेरिकेत इकडं वेगळंच चाललं होतं. सिनेटर जॉन मॅकेन यांनी या खेळाला माणसांची कोंबडझुंज म्हटलं आणि तो बंद पाडायला राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं धाडली. सुरुवातीच्या लढती पाहिल्या तर त्यांचं फार चुकलं असं मी म्हणणार नाही. पुढं वजनाचे गट, फेऱ्या, ग्लोव्हज, निषिद्ध प्रहारांची यादी आली. 2000 च्या सुमारास न्यू जर्सीत हे नियम एकत्र बांधले गेले, आणि आज जवळपास तेच सगळीकडं चालतात. 2001 मध्ये यूएफसी वीस लाख डॉलरला विकली गेली. 2016 मध्ये तिला सुमारे चार अब्ज डॉलर मिळाले.

आपली पोरं या पिंजऱ्यात उशिरा पोचली. नोव्हेंबर 2017 मध्ये महाराष्ट्राचा, कुस्तीतून आलेला भरत खंडारे यूएफसीत शांघायला उतरला, आणि चीनच्या साँग यादाँगनं पहिल्याच फेरीत काखेत मान धरून गळा आवळला. या पकडीला गिलोटिन म्हणतात, आणि मातीतल्या गड्याला तिचा धोका सर्वांत मोठा. पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय ओढायला, आपण डोकं खाली घालून शिरतो, तेव्हा मान समोरच्याच्या काखेखाली जाते. कुस्तीत त्याचं काही बिघडत नाही, कारण गळा आवळायची मुभाच नसते. पिंजऱ्यात डोकं समोरच्याच्या छातीला चिकटवून, हनुवटी दाबून शिरावं लागतं. पट तोच, शिरायची वाट तेवढी वेगळी. 2024 च्या जूनमध्ये वुशू या चिनी युद्धकलेतून आलेली पूजा तोमर यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. तालमीतली पोरं हल्ली मोबाइलवर या लढती बघतात आणि संध्याकाळच्या जोरात एकमेकांचे खांदे पिळून बघतात. मी त्यांना एवढंच शिकवतो की दुखायला लागलं की लगेच थापटायचं, म्हणजे हार मानायची, आणि थापटलं की समोरच्यानं त्याच क्षणी सोडायचं. पहिलं त्यांना जमत नाही. पैलवानाला थापटायची लाज वाटते.