नैवेद्याचा गूळ

भोकरदन तालुक्यातील राजूर हे श्रीगणेशाच्या साडेतीन पीठांपैकी एक पूर्ण पीठ होय, अशी भाविकांची श्रद्धा आहे. अंगारकीस राजुरेश्वराच्या दर्शनाला भक्तांचा महापूर लोटतो. घरोघरी मोदक होतात, आणि मोदकाच्या सारणाचा प्राण म्हणजे गूळ!

परंतु गुऱ्हाळे चालतात हिवाळ्यात आणि गणेशचतुर्थी येते भाद्रपदात. मधल्या पावसाळ्यात गुळाला पाझर फुटतो. कारण त्यातील ग्लुकोज व फ्रुक्टोज या शर्करा हवेतील ओलावा ओढून घेतात. म्हणून मृग लागण्यापूर्वीच गूळ घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात वा चिनी मातीच्या बरणीत भरावा. रोजच्या वापराचा गूळ निराळा काढावा. ओला हात मुळीच लावू नये.

गूळ नुसता मऊ किंवा काळसर झाला म्हणून टाकू नये. तो नैवेद्यास योग्यच, असे आम्ही मानतो. आंबूस वास वा बुरशी आल्यास मात्र तो वर्ज्य समजावा. पिवळाधमक गूळच शुद्ध, हा समजही सोडावा. रंग उजळण्यासाठी पुष्कळदा रसायने घालतात.

देवाला जे अर्पावयाचे, ते आधी जपावयास हवे. आम्हांस तीही पूजाच वाटते.