गाईचे पोट सांभाळा, दुधाची फॅट टिकवा



गळीत हंगामात फडातून वाढ्यांचे भारे येतात आणि लग्नसराईत मंगल कार्यालयांतला उरलेला भात येतो. पुणे शहर आता हडपसर-मांजरीच्या शिवारात येऊन टेकले आहे, त्यामुळे हे अन्न गोठ्यापर्यंत सहज पोचते. फुकटचे मिळतेय म्हणून पाटीभर भात, चपात्या, जिलेबी गाईपुढे ओतली जाते. एक-दोन दिवसांत गाय वैरणीला तोंड लावीनाशी होते, डेअरीवर फॅट ३.५ च्या खाली घसरते, आणि घरचे म्हणतात, “दृष्ट लागली!” दृष्ट कसली, हे अपचन आहे.

१९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला ‘बाएफ’ संस्था स्थापन केली. तिच्यासारख्या संस्थांच्या कामामुळे संकरित गाय आपल्या दावणीला आली. गाय बदलली, वैरण टाकायची आपली रीत मात्र जुनीच राहिली.

गाईच्या पोटाचा सर्वांत मोठा कप्पा म्हणजे कोटीपोट. तिथले असंख्य सूक्ष्म जंतू वैरण आंबवतात. कडब्यासारख्या तंतुमय वैरणीपासून जे ॲसेटिक आम्ल तयार होते, त्यातून दुधाची फॅट बनते. शिवाय रवंथ करताना गाय दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ गिळते. ही लाळ सोड्याच्या पाण्यासारखे काम करून पोटातली आंबट मारते. भाताला आणि गोडाला रवंथ लागत नाही. लाळ कमी पडते, लॅक्टिक आम्ल झपाट्याने वाढते आणि पोटाची हालचाल थंडावते. शेण पातळ व आंबूस येते, खुरे दुखतात. पोटात फारच गेले तर गाय दगावतेसुद्धा.

वाढ्यांचे दुखणे वेगळे. त्यांत प्रथिने कमी असतात आणि ऑक्झॅलेट असते. ते कॅल्शियम बांधून ठेवते. नुसत्या वाढ्यांवर ठेवलेली गाय हळूहळू खंगते, दूध तुटते. म्हणून वाढे कुट्टी करून, त्यांवर चुन्याची निवळी शिंपडून, कडबा व लसूणघासाबरोबर द्यावेत. रोज ५० ग्रॅमच्या आसपास खनिज मिश्रण द्यावे.

एवढे तरी पाळा:

१. वैरण वा पेंड एकदम बदलू नका; दहा-पंधरा दिवसांत हळूहळू बदला.

२. आंबोण एका वेळी न देता दोन-तीनदा विभागून द्या. आधी सुकी वैरण, मग आंबोण.

३. शिळे अन्न गाईपुढे टाकूच नका. त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्याही असतात. त्या पोटात अडकून राहतात.

४. गाय स्वस्थ बसली असताना रवंथ करते का, हे रोज बघा. डेअरीची फॅटची चिठ्ठी जपून ठेवा. पोटातली गडबड बऱ्याचदा तिथे आधी दिसते.

डावी भकाळी फुगली, रवंथ थांबले किंवा गाय बसून उठेना, तर वाट न बघता पशुवैद्यकाला बोलवा. जीभ ओढून नळीने तेल-औषध ओतू नका. ठसका लागून ते फुप्फुसात जाते आणि बरी होणारी गाय हातची जाते.

बंधूंनो, उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येते, पण घरचा रोजचा बाजार दुधावर चालतो. फुकटच्या एका पाटीपायी भरल्या कासेची गाय गमावणे, हा कुठला हिशोब?